बचत गटातल्या बायांना दहावी करायची आहे, रस्ता सांगा

घाटंजीची सून | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माहेर अमरावतीचं, बीएस्सी झाले आणि लग्न होऊन इथे आले. गावातल्या एका बचत गटाचं रजिस्टर मी लिहिते. मागच्या बैठकीत कर्जाचं वाटप आटोपलं, चहा झाला, आणि आमच्या एक काकू म्हणाल्या, "पोरी, आमाले बी दहावी करून दे ना वं." आधी सगळ्या हसल्या. मग एकेक बोलायला लागली.

कोणी सातवीत शाळा सोडली, कोणी चौथीत. दोघी कधी शाळेत गेल्याच नाहीत. सगळ्यात लहान सत्तावीस वर्षांची, मोठ्या काकू पन्नाशीच्या पुढे. एकीला अंगणवाडीत काम हवं आहे. एकीला मुलीच्या शाळेत पालक सभेला गेल्यावर खाली मान घालून बसायचं नाही. आणि एक म्हणाली, "सही येते मले. कायवर करून राहिली ते वाचता आलं पायजे."

मला यातलं काही माहीत नाही म्हणून विचारते. फॉर्म कुठे भरायचा? सातवीवालीला थेट दहावी देता येते का? दाखला हरवला असेल तर? वर्ग कधी आणि कुठे घ्यायचा? आणि ज्या शाळेत गेल्याच नाहीत त्यांना कुठून सुरुवात करून द्यायची? ज्यांनी स्वतः मोठेपणी शिकून परीक्षा दिली किंवा कोणाला शिकवलं, त्यांनी जरूर लिहा.

ठेचाभाकर | सोमवार, रात्री ९.५८

माझ्या आईचं नाव पहिल्या बाकावर लिहून ठेवा. ती पास झाली तर घरात बिगर दहावीचे फक्त बाबा उरतात, मग त्यांनाही पाठवतो.

डबल बेल | सोमवार, रात्री १०.३०

ताई, मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. दहावी नोकरीत असताना बाहेरून केली आणि नंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए. मुक्कामी गाडी घेऊन गेलो की डेपोच्या विश्रांतिगृहात किंवा गावच्या देवळात पुस्तक उघडायचो. सकाळी पहिली गाडी सुटेपर्यंत वेळ आपलाच.

तुमच्यापुढे दोन सरळ रस्ते आहेत.

एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास असावी लागते, म्हणजे सातवीवाल्यांचं काम होतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर त्याच शाळेतून दुय्यम प्रत काढायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं. फॉर्म ऑनलाइन भरतात, त्याची तारीख निघते आणि निघूनही जाते, म्हणून जवळच्या हायस्कूलच्या बाबूंना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भेटून ठेवा.

दोन, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. प्रमाणपत्राची किंमत तीच. मराठी माध्यम आहे. पाच विषय घ्यायचे, आपल्या निवडीचे, आणि गणित सक्तीचं नाही. एकदा नाव नोंदलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतात, सुटलेला विषय सुटला. वयाची वरची मर्यादा नाही. ज्यांच्याकडे शाळेचा कागदच नाही त्यांनाही स्वयंघोषणेवर दहावीला प्रवेश मिळतो. पण तिथे गृहपाठ वेळेवर द्यावे लागतात आणि त्याचे गुण धरतात, ते विसरू नका.

चाळिशीच्या बाईला सगळे विषय एका झटक्यात द्यायला लावणं मला पटत नाही. माझं मत दुसऱ्या रस्त्याला.

पुण्यातला वऱ्हाडी | सोमवार, रात्री ११.१५

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला दहावीचा इतिहास-भूगोल कशाला? तिचा दिवस सकाळी पाचला सुरू होतो. तिच्याकडे जो तास उरतो तो सोन्याचा आहे. त्या तासात शिलाई, शेळीपालन, मोबाइलवरून पैसे पाठवणं, फसवणुकीचे फोन ओळखणं हे शिकवा. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथे शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. माझ्या मावशीने तिथून शिवणकाम शिकून मशीन घेतली, आज तिचं घर त्यावर चालतं. कागदाच्या मागे लावून बायांची उमेद घालवू नये इतकंच म्हणणं.

रोवणी | मंगळवार, सकाळी ६.२०

पुण्यातले भाऊ, मी भंडारा जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. तुम्ही मनापासून लिहिलं ते कळतं, पण तुमच्या मुलांच्या बाबतीत "इतिहास-भूगोल कशाला" असं म्हणाल का जी? गरीब बाईच्या वाट्याला नेहमी शिलाई मशीनच का यावी?

आणि तो कागद साधा नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोन्ही जागांना आता बारावी मागतात, आणि बारावीची पहिली पायरी दहावीच. माझ्या शेजारणीने गावातली लेकरं स्वतःची समजून सांभाळली, पण जागा निघाली तेव्हा तिचा अर्जच घेतला नाही. मी स्वतः लग्नानंतर दहावी दिली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात चिखलातून घरी यायचं, पाय धुवायचे, आणि चुलीजवळ बसून पुस्तकातले धडे वाचायचे. इतिहासच मला सगळ्यात जास्त आवडला. शिवाजी महाराजांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यांनी कारभार कसा चालवला ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

काय शिकायचं ते त्या बायांनी सांगितलं आहे. त्यांनी दहावी म्हटलं आहे.

ठेचाभाकर | मंगळवार, सकाळी ७.०५

रोवणीताई 🙏

जुना मास्तर | मंगळवार, सकाळी ११.१०

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. प्रौढांना अक्षरं शिकवण्याच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी मोहिमेत काम केलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

माझे वडीलही मास्तर. ते ग्रामशिक्षण मोहिमेच्या गोष्टी सांगायचे. १९५९ साली ती साताऱ्यात सुरू झाली, नंतर राज्यभर पसरली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, म्हातारी माणसं सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. मग १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, २००९ साली साक्षर भारत, आणि आता २०२२ पासून उल्लास, नव भारत साक्षरता कार्यक्रम. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी हाच आहे. सूनबाई, तुमच्या त्या दोघींची सुरुवात इथून करा. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतच नोंदणी होते आणि शिकवणारा स्वयंसेवक म्हणून तुमचं नाव घालता येतं. शेवटी चाचणी असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, एकूण १५० गुण. आपल्या राज्यात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. नातवाचं बोट धरून आलेल्या आज्या मी त्या दिवशी पाहिल्या. पेन्सिल इतकी दाबून धरायच्या की कागदाला भोक पडायचं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. चाचणी झाली, फोटो निघाला, वर्ग बंद पडला, असं प्रत्येक मोहिमेत झालेलं पाहिलं आहे. काही महिन्यांनी त्याच बाई पुन्हा अंगठा पुढे करतात. अक्षर वापरात राहिलं नाही की जातं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरात येणारे कागद वाचायला घ्या. लाइटचं बिल, रेशनची पावती, पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, सातबारा. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव कुठे आहे, आहे की नाही, हे शोधायला लावा. त्या दिवशी कोणीही वर्ग बुडवत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. वर्ग बंद पडला की अधिकारी म्हणायचे, बायांना आवड नाही. आवड असते हो! दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते, त्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग तूर, मग हरभरा. आणि आमच्या मोहिमा नेमक्या दिवाळीनंतर जोरात यायच्या. बाई दिवसभर कंबरेला ओटी बांधून वेचते, रात्री तिला अक्षरं दोन-दोन दिसतात. वर्गाचं वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाला बांधा.

पीएचसी ताई | मंगळवार, दुपारी २.४५

मास्तरांनी "अक्षरं दोन-दोन दिसतात" लिहिलं, त्यावरून एक. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणं हे जवळपास सगळ्यांना होतं. शेतात, स्वयंपाकात ते फारसं जाणवत नाही. पुस्तक हातात आलं की जाणवतं. बाईला वाटतं आपल्या डोक्यात शिरत नाही. मग ती "माहं काई खरं नाही" म्हणून वर्ग सोडते.

आमच्या गावच्या साक्षरता वर्गातली एक आजी पुस्तक हात लांब करून धरायची आणि मान मागे न्यायची. तिला तपासायला नेलं, जवळचा चष्मा दिला. त्याच ठिकाणी बसून तिने हातातल्या पुस्तकातली, तिला येत होती तेवढी अक्षरं बोट ठेवून वाचली.

वर्ग सुरू करण्याआधी चाळिशीच्या वरच्या सगळ्या बायांचे डोळे तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी ज्या दिवशी असतात तो दिवस विचारून एकदमच न्या.

घाटंजीची सून | मंगळवार, दुपारी ४.१०

पीएचसी ताई, हे मला सुचलंच नसतं. आमच्या काकू पासबुक असंच लांब धरतात! या आठवड्यातच विचारते.

मास्तर, गणिताचं मात्र कसं करू? परवा एका वहिनींना म्हटलं, गटातून पाच हजार घेतले, महिन्याला शंभराला दोन रुपये, तीन महिन्यांनी व्याज किती? बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, तीनशे. मी कागद काढायच्या आधी. तेच गणित पुस्तकात सूत्र लावून दाखवलं तर पुस्तक मिटून ठेवलं.

जुना मास्तर | मंगळवार, सायंकाळी ५.३०

सूत्र शेवटी सांगायचं. आधी त्यांच्या पद्धतीने चार-पाच गणितं त्यांनाच करू द्या. त्या जे तोंडाने बोलतात तेच जसंच्या तसं फळ्यावर लिहा: शंभराला दोन, म्हणजे हजाराला वीस, पाच हजाराला शंभर, तीन महिन्यांचे तीनशे. मग म्हणायचं, तुम्ही केलं ते पुस्तकवाल्याने एका ओळीत असं लिहिलं आहे. भीती गणिताची नसते, चिन्हांची असते.

डबल बेल | मंगळवार, सायंकाळी ६.००

आणि तरीही गणित नकोच वाटलं तर एनआयओएसमध्ये गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र असे विषय घेता येतात. फक्त जी लहान आहे, पुढे आयटीआयचा विचार करते, तिला गणित-विज्ञान घ्यायला लावा. बऱ्याच ट्रेडला ते विचारतात.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ८.५०

अकोट तालुक्यातला शेतकरी. दहावीचं तुम्ही लोक पाहाच, मी शेतीशाळेचं सांगतो, कारण प्रौढ शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोक्यात फक्त पाटी-पेन्सिल येते.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमचं पुरतं वाटोळं केलं. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर आमच्या गावात शेतीशाळा लागली, म्हणजे शेतकऱ्यांना शेतातच पीक दाखवून शिकवायचा वर्ग. मीही गेलो. कापूस पिढ्यान्‌पिढ्या लावून राहिलो आम्ही, पण डोमकळी म्हणजे काय ते तिथं समजलं. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींत गुरफटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. उघडून पाहिलं की आत अळी. तोवर आम्ही हे फूल पाहायचो अन् पुढं जायचो. पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग सापडले की मगच फवारणीचा विचार करायचा, हेही तिथंच. आधी शेजाऱ्याचा पंप वाजला की आपणही फवारायचो.

आता बायांचं. फवारणीसाठी पाणी कोण आणते? औषध कोण कालवते? लय ठिकाणी घरची बाई. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे बाईला माहीत नसते, कारण शेतीशाळेत गडीच बोलावतात. ताई, तुमच्या वर्गात एक दिवस रिकामा डबा नका आणू, नुसता लेबलचा फोटो आणा अन् ते वाचायला लावा. कृषी सहायकाले सांगून बायांची वेगळी शेतीशाळा मागा. यवतमाळला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथूनही माणूस येतो.

पुण्यातला वऱ्हाडी | मंगळवार, रात्री ९.३०

पऱ्हाटीभाऊंनी माझाच मुद्दा जास्त चांगला मांडला. जीव वाचवणारं शिक्षण आधी, परीक्षा नंतर. रोवणीताई, तुमचं म्हणणं वाचलं, अंगणवाडीचं पटलं. पण पन्नाशीच्या काकूंना नोकरी मिळणार नाही, त्यांच्यासाठी मी अजूनही परीक्षेचा आग्रह धरणार नाही.

रोवणी | मंगळवार, रात्री ९.५२

आग्रह कोणीच धरू नये भाऊ. पण काकूंनी स्वतः फॉर्म मागितला तर हात आखडू नये.

सेलूकर | मंगळवार, रात्री १०.४०

या वादावर वर्ध्याच्या माणसाने बोललंच पाहिजे. काम आणि शिक्षण वेगळं नाही हा विचार आपल्याच मातीत मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम निघाली. सुरुवातीला ती मुलांपुरती होती. १९४५ साली सेवाग्रामला गांधीजींनी तिची कक्षा वाढवली, जन्मापासून मरेपर्यंतचं शिक्षण त्यात घेतलं, प्रौढांचंही. तिथे सूत कातताना गणित यायचं, शेतात विज्ञान. दोन्ही एकाच ताटात.

आणि अमरावतीकडे गाडगेबाबा कीर्तनात काय सांगत फिरले ते तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल: ताट मोडा, हातावर भाकर खा, पण मुलांना शिकवा. स्वतः शाळेत न गेलेला माणूस ते सांगत होता.

ठेचाभाकर | मंगळवार, रात्री ११.००

बाबांना हा धागा दाखवला. म्हणाले, "मले चष्मा करून दे आधी, मग पाहू." म्हणजे अर्धा प्रवेश झाला.

झाडीपट्टी | बुधवार, दुपारी १२.१५

गडचिरोलीहून. अजून एक प्रकार कोणी लिहिला नाही, तो म्हणजे अभ्यास गट. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाव देशभर गेलं. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. पण घोषणेमागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. गावकरी आणि बाहेरचे जाणकार गोल करून बसायचे, एक विषय घ्यायचे. जंगल, कायदा, मध, बांबू, काहीही. तिथे निर्णय होत नाही, फक्त समजून घेणं होतं. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क त्यांना मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. वनहक्क कायद्याची कलमं तिथल्या ज्या लोकांना तोंडपाठ होती त्यातले कित्येक शाळा फार न शिकलेले.

यात वाचता येणारा आणि न येणारा शेजारी बसतो. एक वाचतो, बाकीचे प्रश्न विचारतात. ताई, तुमच्या त्या दोघी आणि सातवीवाल्या यांना वेगळं बसवण्याआधी आठवड्यातून एकदा असं एकत्र बसवून पाहा.

आणि मास्तरांच्या वेळापत्रकाला आमची जोड: इकडे मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा असतो, मे महिन्यात तेंदूपत्ता. तुमच्याकडे उन्हाळा मोकळा, आमच्याकडे तोच भरगच्च. इथे कोणी हा धागा वाचून वर्ग लावणार असेल तर वऱ्हाडचं वेळापत्रक उचलू नका.

रोवणी | बुधवार, दुपारी १.००

आमच्या धानपट्ट्यातही रोवणीच्या वेळी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, वर्ग ठेवला तर फक्त शिकवणारीच येईल. धान कापणी झाली की बरं.

पीएचसी ताई | बुधवार, दुपारी ३.२०

एक सावधगिरीची गोष्ट. आमच्याकडे एका खासगी क्लासवाल्याने "घरबसल्या दहावी पास, परीक्षेची काळजी नको" म्हणून बायांकडून पैसे गोळा केले. जो कागद मिळाला त्याच्यावरच्या मंडळाचं नाव कुठेच चालत नव्हतं. मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे दिलेली एक बाई माझ्यासमोर बसून रडली. फी भरायची ती थेट मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा मान्यताप्राप्त केंद्रावर, आणि पावती घ्यायची. "परीक्षेची काळजी नको" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

डबल बेल | बुधवार, सायंकाळी ५.४५

शंभर टक्के. आणि नावाचं बघून घ्या. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, इथे हमखास अडतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. अनेकींची नोंदणीच झालेली नसते, ते काम आत्ताच ग्रामपंचायतीत सुरू करा.

घाटंजीची सून | शुक्रवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत हा सगळा धागा वाचून दाखवला. पऱ्हाटीभाऊंच्या डोमकळीवर फार वेळ बोलणं झालं, दोघींनी तर घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलंसुद्धा.

ठरलं ते असं. सातवीपर्यंत शिकलेल्या एनआयओएसला नाव घालतील आणि परीक्षा एप्रिल-मेचीच धरतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरची आमच्या कापसात बसत नाही. पहिल्या वेळी मराठी आणि गृहविज्ञान, दोनच विषय. जी सगळ्यात लहान आहे ती १७ नंबरचा फॉर्म भरून गणितासकट राज्य मंडळाची परीक्षा देणार म्हणते. शाळेत न गेलेल्या दोघींची उल्लासमध्ये नोंद करायला मुख्याध्यापक तयार झाले. पन्नाशीच्या काकूंना विचारलं, तुम्ही फक्त वाचायला शिकता का? म्हणाल्या, "मी परीक्षा देईन. लेकरायनं दिली, मी काहून नाही?" पुण्यातले भाऊ, त्यांचा निर्णय झाला.

वर्ग समाज मंदिरात, रात्री साडेआठ ते साडेनऊ. शनिवारी अभ्यास गट, पहिला विषय सातबारा. डोळे तपासायला पुढच्या आठवड्यात ऑटो ठरवला आहे.

आता एक अडचण. एनआयओएसची मराठी माध्यमाची जुनी पुस्तकं कोणाकडे आहेत का? मोबाइलवर पीडीएफ वाचणं या बायांना जमणार नाही, अक्षर फार बारीक दिसतं.

पुण्यातला वऱ्हाडी | शुक्रवार, रात्री १०.२०

पीडीएफ मला पाठवा. मोठ्या अक्षरात छापून, स्पायरल बाइंडिंग करून सगळ्यांच्या प्रती देतो. काकूंची पहिली.

डबल बेल | शुक्रवार, रात्री १०.३५

यवतमाळपर्यंत एसटी पार्सलने टाका, घाटंजीला पोचवायचं मी बघतो. आणि ताई, गृहपाठाच्या तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.